जनगणनेचं टेबल: आकडे एकदाचे रांगेत

झालं एकदाचं! लोकसंख्येच्या कॉलममधले स्वल्पविराम एकाखाली एक आले. २०११ च्या जनगणनेचं जिल्हावार टेबल आर या प्रोग्रामिंग भाषेत जीटी या टेबलं बनवायच्या पॅकेजने करतोय हे जुन्या मंडळींना माहीतच आहे. लाख-कोटीचं काम सोपं होतं, त्यातल्या एफएमटी-नंबर या फंक्शनला सिस्टिम 'इंड' (भारतीय पद्धत) दिलं की ठाणे १,१०,६०,१४८ असं गपचूप येतं, फक्त अंक इंग्रजी. खरी डोकेदुखी ते मराठी करण्यात.

म्युटेटमध्येच, म्हणजे टेबलाआधी डेटातच, अंक बदलून टाकायचा मोह होतो, पण नका करू. कॉलम टेक्स्ट झाला की बेरीज गेली, डेटा-कलरची (आकड्यानुसार रंग देणारं फंक्शन) छटा गेली, वर जीटी तो डावीकडे चिकटवतं ते वेगळंच. आकडा शेवटपर्यंत आकडाच ठेवा आणि जीटीच्या टेक्स्ट-ट्रान्सफॉर्ममध्ये चारटीआरने (एका अक्षराजागी दुसरं घालणारं फंक्शन) अंक बदला. ते फॉरमॅटिंगनंतर चालतं, त्यामुळे स्वल्पविराम जागच्या जागी राहतात.

एवढं करूनही रांग वाकडीच! नाशिक ६१,०७,१८७ आणि पुणे ९४,२९,४०८, दोन्ही सात आकडी, उजवीकडून अलाइन, तरी स्वल्पविराम इकडेतिकडे. जीटी उजव्या कॉलमला टॅब्युलर-नम्स (सगळे अंक सारख्या रुंदीचे करणारी सेटिंग) स्वतःहून लावतं म्हणून सीएसएसवर, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या कोडवर, संशयच येत नव्हता, आणि भानगड निघाली फॉन्टची. जीटीच्या डिफॉल्ट यादीतल्या फॉन्टात देवनागरी नसली की ब्राउझर स्वतःच्या मनाने दुसरा फॉन्ट उचलतो, आणि त्यात १ बारीक नि ८ रुंद असेल आणि टॅब्युलर अंकांची सोयच नसेल तर सीएसएस बिचारं काय करणार. मग ऑप्ट-टेबल-फॉन्टने देवनागरी फॉन्ट स्वतः दिला. निवडायची टेस्ट सोपी आहे, एका ओळीत १११११, खाली ८८८८८, लांबी सारखी आली तर पास. दिसायला देखणे बरेच फॉन्ट इथे आपटतात.

बाकी लिंग गुणोत्तराची (हजार पुरुषांमागे स्त्रिया) छटा मस्त आलीय, रत्नागिरी ११२२ सगळ्यात गडद आणि मुंबई शहर ८३२ सगळ्यात फिकं. उभ्या रेघा सगळ्या काढल्या, त्या मला टेबलात बघवतच नाहीत. पालघर २०१४ ला वेगळा झाला म्हणून ठाण्याला तळटीप दिलीय, पण खूण १ ठेवली तर तीही आकडाच वाटते, म्हणून ऑप्ट-फुटनोट-मार्क्समध्ये क, ख, ग दिले. फार गोड दिसतंय!

पीडीएफसाठी लाटेक या टाइपसेटिंगच्या प्रणालीच्या नादी लागणार होतो, पण जीटीसेव्ह वेबशॉट२ या पॅकेजमार्फत ब्राउझरमधूनच पीडीएफ काढतं, मग कशाला.

राहिली बेरजेची ओळ. समरी रोपर्यंत टेक्स्ट-ट्रान्सफॉर्म पोचत नाही, म्हणून तिथे वेगळं फंक्शन लिहायचं ठरवलं होतं. पण हे टाइप करताना सुचलं, की महाराष्ट्राची ११,२३,७४,३३३ वाली ओळ डेटातच साधी ओळ म्हणून जोडली आणि टॅब-स्टाइलने ठळक केली तर? छटेतही ९२९ मध्ये कुठेतरी बसेल आणि कोणता जिल्हा राज्याच्या वर ते लगेच कळेल. आज रात्री तेच करून बघतो.