पेट्रोल उतरल्याचं दुःख

पेट्रोल महागलं की आपल्याकडे बोलायला माणूस कमी पडत नाही. पानटपरीवर, लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, अगदी तेराव्याला जमलेल्या मंडळींतही कुणीतरी "एकशे सहा झालं की हो" म्हणून सुरुवात करून देतो आणि मग आखातातल्या शेखांपासून वॉर्डातल्या नगरसेवकापर्यंत सगळ्यांचा उद्धार होतो. पेट्रोल उतरलं की मात्र हीच माणसं मुखदुर्बळ होतात. फार तर एखादा "उतरलंय म्हणे" एवढं बोलतो, आणि तेही अफवा सांगावी अशा सुरात.

जून २०१७ पर्यंत भाव महिन्यातून दोनदा बदलायचे, एक तारखेला आणि सोळा तारखेला, मध्यरात्री. वाढणार अशी बातमी टीव्हीवर झळकली की पंधरा तारखेच्या संध्याकाळी पंपावर रांग लागायची. लोक जेवण अर्धवट टाकून यायचे. ज्याच्या टाकीत जेमतेम दोन लिटरची जागा आहे तोही अर्धा तास गाडी चालू ठेवून रांगेत उभा, आणि दोन लिटरमागे वाचणार तीन रुपये. उतरणार अशी बातमी असली की त्याच वेळी पंपावर शुकशुकाट. रिझर्व्हला लागलेली गाडी सकाळपर्यंत कशीबशी रेटायची, पण आज भरायचं नाही. मग १६ जून २०१७ पासून रोज सकाळी सहाला नवा भाव लागू लागला. आता पैशापैशांनी चढणं आणि पैशापैशांनी उतरणं. रांगेची मजा गेली.

पैशांनी उतरणं म्हणजे किती, याचा उच्चांक ३० मे २०१८ ला झाला. त्याआधी कर्नाटकात विधानसभेची निवडणूक होती, तेव्हा भाव शहाण्या मुलासारखे एका जागी बसले होते. मतदान झाल्यावर सलग सोळा दिवस वाढत गेले. सोळा दिवसांनी सकाळी बातमी आली, पेट्रोल साठ पैशांनी स्वस्त! काही तासांतच इंडियन ऑइलनं खुलासा केला की साठ पैसे चुकून पडले, कपात एक पैशाची आहे. दिवसभर फोनवर नुसते विनोद. चलनात नाही ते नाणं परत मिळाल्यावर माणूस हसणार नाही तर काय करणार?

माझं एक निरीक्षण आहे. स्वस्ताई आपल्यापर्यंत पोचत नाही याला सरकार जबाबदार आहेच, पण निम्मी जबाबदारी आपल्या पेट्रोल मागण्याच्या पद्धतीची आहे. आपण लिटरनं पेट्रोल घेत नाही, रुपयांनी घेतो. "दोनशेचं टाक." त्यातले जास्त हुशार "दोनशेदहाचं टाक" म्हणतात, कारण गोल आकड्याला मशीन मारतं अशी त्यांची श्रद्धा. (प्रत्येक पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप असतं, मागितलं तर आपल्यासमोर मोजून दाखवावं लागतं. ते मागणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. श्रद्धा तपासायची नसते.) आता १०६ चं पेट्रोल १०४ झालं, तर दोनशे रुपयांत पूर्वीपेक्षा ३६ मिलिलिटर जास्त येतं. अर्धं कटिंग. पंचेचाळीसचं ॲव्हरेज देणाऱ्या स्कूटरवर तेवढ्यात दीड किलोमीटर होतं, म्हणजे आमच्या घरापासून मंडई. खिशातून गेले दोनशे, पूर्वीही दोनशेच गेले होते. ती जास्तीची दीड किलोमीटरची चैन टाकीत कुठं असते, कधी संपते, कुणाला कळणार?

याला अपवाद आमचे आप्पा, माझे चुलते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ते आजही "तीन लिटर" म्हणतात. पंपावरचा पोरगा गोंधळतो, कारण त्याच्या बोटांना मशीनवर शंभर, दोनशे, पाचशे दाबायची सवय. आप्पांच्या स्कूटरच्या डिकीत खताच्या कंपनीची एक छोटी डायरी असते. तारीख, रीडिंग, लिटर, रुपये, असे चार रकाने, सगळं शिसपेन्सिलीनं. बॉलपेनचं अक्षर पेट्रोलचा हात लागला की पसरतं, हा त्यांचा अनुभव. शेवटच्या रकान्याच्या कडेला बारीक बाण काढलेले असतात. वरचे बाण पानोपानी, खालचे शोधावे लागतात. मे २०२२ मध्ये केंद्रानं पेट्रोलवरचा अबकारी कर आठ रुपयांनी कमी केला, त्यावरचा राज्याचा कर धरून आपल्याकडे नऊ रुपयांवर फरक पडला. आप्पांना तीन लिटरमागे सत्तावीस रुपये कमी द्यावे लागले. रोख. पंपावरच्या त्या रांगेत स्वस्ताई हातात पडलेला तो एकच माणूस असावा. येताना त्यांनी त्याची भडंग आणली आणि सगळ्यांना वाटून वर हिशेब सांगितला.

पण आप्पांनाही दिवाळी २०२१ ची जखम आहे. ३ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, पाहुणे यायचे म्हणून त्यांनी कधी नव्हे ती टाकी फुल्ल केली. रात्री बातमी आली, उद्यापासून पेट्रोलवर पाच आणि डिझेलवर दहा रुपये कर कमी. पंचवीस रुपयांचा फटका! सगळी दिवाळी त्यांनी करंजी खाताना तोंड कडू केलं. महागाईत हजारभर रुपये गेले त्याचं दुःख सगळ्यांबरोबर वाटून घेता येतं. स्वस्ताईत पंचवीस बुडाले ते दुःख एकट्याचं असतं, आणि लोक वर हसतात.

खरं मोठ्यानं रडायचा हक्क त्या रात्री पंपवाल्यांना होता, आणि तो कुणी दिला नाही. सणाच्या सुट्ट्यांत डेपो बंद राहणार म्हणून त्यांनी टाक्या भरून ठेवलेल्या. बारा हजार लिटरचा डिझेलचा टँकर जुन्या भावानं उतरवून घेतला असेल, तर रात्रीत एक लाख वीस हजार गेले. मे २०२२ ला पुन्हा तेच झालं, तेव्हा महिनाअखेरीला बऱ्याच राज्यांतल्या पंपचालकांनी एक दिवस कंपन्यांकडून माल उचलला नाही. आमच्या कोपऱ्यावरचे पंपमालक एरवी हसून "या साहेब" म्हणतात. त्या आठवड्यात त्यांना कुणी "चला, बरं झालं, स्वस्त झालं" म्हणालं, की ते नुसते हवेच्या मशीनकडे बघायचे.

आम्हा कोल्हापूरकरांना स्वस्ताईचा आणखी एक ताप आहे, तो म्हणजे सीमा. त्याच दिवाळीत कर्नाटकानं आणि गोव्यानं आपल्या वाटचे आणखी सात रुपये कमी केले. महाराष्ट्रानं केले नाहीत. झालं! कागलच्या पुढं कोगनोळी ओलांडली की पेट्रोल दहा रुपयांच्या आसपास स्वस्त. मोटरसायकलला किक मारून पोरं निघाली. जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर, म्हणजे लिटरभर पेट्रोल, म्हणजे शंभर रुपये. टाकी दहा लिटरची, वाचले शंभर. हा हिशेब मी एकाला मांडून दाखवला तर तो म्हणाला, "आणि फिरणं झालं ते?" ट्रकवाल्यांचं गणित मात्र खरं. तीनशे लिटरच्या टाकीत ते महिन्याचा हप्ता हलका करायचे.

सावंतवाडीकडच्या आमच्या पाहुण्यांना तर ही सवय आधीपासूनची. एप्रिल २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांच्या सरकारनं गोव्यात पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला आणि लिटरमागे अकरा रुपये एका झटक्यात उतरले. बांदा, दोडामार्ग, सावंतवाडी इथला माणूस घरात "पेट्रोल घालूक गोव्याक जातंय" म्हणून सांगून निघू लागला. गोव्यात स्वस्त मिळणारं पेट्रोल हे काही एकमेव द्रव नव्हे. टाकी फुल्ल होऊन यायची, डिकीही. एवढं सबळ आणि घरच्यांना पटणारं कारण त्याआधी कुठल्याच सरकारनं दिलं नव्हतं.

एवढं सगळं असून उतरलेल्या भावावर आपला जीव का बसत नाही? कारण आपण फसलो आहोत, आणि पुष्कळदा. २०१४ ते २०१६ या काळात जगात कच्चं तेल शंभर डॉलरच्या वरून तीसच्या खाली आलं. इकडे नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ मध्ये अबकारी कर नऊ वेळा वाढला. २० एप्रिल २०२० ला तर अमेरिकेत तेलाच्या वायद्याचा भाव शून्याच्याही खाली गेला, विकणाराच पैसे देऊन "माल न्या" म्हणू लागला. तेव्हा आपल्या गाड्या टाळेबंदीत धूळ खात उभ्या होत्या, आप्पांच्या डायरीत त्या महिन्याचं पान कोरं आहे. मे उजाडला आणि पेट्रोलवर दहा, डिझेलवर तेरा रुपये कर चढला. तेल स्वर्गातून उतरलं ते सरकारी तिजोरीत. मार्च २०२४ ला दोन रुपये कमी झाले आणि दोनच दिवसांनी लोकसभेचं वेळापत्रक जाहीर झालं. मग पंपावर "उतरलं" ऐकताच माणूस "निवडणूक कधी?" विचारतो, यात त्याचं चुकतं कुठं?

तरीही एका गोष्टीचं मला नवल वाटतं. मे २०२१ च्या अखेरीस मुंबईत पेट्रोलनं शंभरी गाठली, जुलैत ते १०६ झालं, तेव्हा शिव्यांचा पाऊस होता. पुढं ते चढत चढत १२० वर गेलं. मग मे २०२२ ची केंद्राची कपात आणि जुलैत राज्याची पाच रुपयांची कपात, की ते आलं पुन्हा १०६ वर. तोच जुलै, तोच आकडा, फक्त साल बदललेलं. आणि माझ्यासकट सगळे "चला, जरा तरी उतरलं" म्हणत सुस्कारा सोडत होते. आधी किमतीचं लेबल बदलायचं आणि मग त्यावर सेल लावायचा, हा साडीच्या दुकानातला डाव आमच्या घरातल्या बायका दारातूनच ओळखतात. पंपावर आम्ही पुरुष टाकीचं झाकण उघडून उभे.

परवा स्टँडवरून घरी येताना रिक्षावाल्यांना सहज म्हटलं, "काय मामा, पेट्रोल उतरलं, भाडं कधी उतरणार?" मामांनी आरशातून बघितलं. "चढलं तवा तुम्ही आपणहून जास्त दिलं व्हतं काय?" भाडं वाढवून मिळायला त्यांना परिवहन प्राधिकरणाच्या मंजुरीची किती वाट बघावी लागते, तेवढ्यात पेट्रोल किती वेळा चढतं, हे सगळं त्यांनी घर येईपर्यंत ऐकवलं. मी मीटरवर झाले तेवढे दिले, वर दहा रुपये ठेवले. मामा म्हणाले, "हे कशाचं?" मी म्हटलं, "उतरलेल्या पेट्रोलचं." त्यांनी ते खिशात घातले आणि विचारलं, "परत चढलं की मागणार नाहीसा नव्हं?"