तुळशीवृंदावनाचे पाच तास

सोमवारी सकाळी फोंड्यातल्या, गाड्यांना कॅमेरे बसवायच्या माझ्या दुकानासमोर हिरव्या पाटीची लहान इलेक्ट्रिक हॅचबॅक येऊन थांबली. मागचा बंपर डाव्या कोपऱ्यात आत गेला होता. गाडी म्हार्दोळच्या एका निवृत्त मास्तरांची. त्यांनी मेमरी कार्ड माझ्या हातावर ठेवले. "पुढे-मागे दोन्हीकडे कॅमेरा आहे. काल धडक बसली तेवढी सोडून यात सगळे आहे."

आदल्या संध्याकाळी फर्मागुडीच्या उतारावर एक पिकअप मागून आदळली होती. पिकअपवाल्याचे म्हणणे, गाडी ब्रेकचा दिवा न लागता एकदम मंदावली. इलेक्ट्रिक गाडीच्या बाबतीत हे म्हणणे झटकून टाकता येत नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर जनित्रासारखी फिरून बॅटरीत वीज भरते आणि गाडी मंदावते. हे मंदावणे ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की ब्रेकचा दिवा आपोआप लागतो, हलके असेल तर लागत नाही. मास्तरांच्या वेळी दिवा लागला की नाही, याचे उत्तर मागच्या कॅमेऱ्याने दिले असते. तो मागच्या काचेवर आतून, वरच्या ब्रेक लाइटच्या शेजारी बसवला होता. संध्याकाळच्या उजेडात त्या दिव्याची तांबूस झाक काचेवर पडते आणि ती चित्रात स्पष्ट येते.

कार्ड लॅपटॉपला लावले. पहिली फाइल रात्री बारा वाजून वीस मिनिटांची. तिथून पहाटे पाचपर्यंत पुढच्या कॅमेऱ्यात पडवीची भिंत आणि मागच्या कॅमेऱ्यात अंगणातले तुळशीवृंदावन, मिनिटामिनिटाच्या फाइलींत. त्यानंतर थेट सकाळची म्हार्दोळ ते फोंडा फेरी. रविवारचा एकही क्षण शिल्लक नव्हता.

हिशेब सोपा आहे. पुढच्या १४४०पी कॅमेऱ्याची एका मिनिटाची फाइल सुमारे १३० एमबी, मागच्या १०८०पीची ६५. दोन्ही मिळून मिनिटाला १९५ एमबी. ६४ जीबीच्या कार्डावर हे जेमतेम पाच तास मावते, मग सर्वांत जुनी फाइल पुसून नवी लिहिली जाते. मास्तरांनी घरी आल्यावर रात्री नऊला गाडी पंधरा अँपिअरच्या पॉइंटवर चार्जिंगला लावली, पहाटे पाचला चार्ज पूर्ण झाला. आठ तास कॅमेरा पूर्ण वेगाने चित्रण करत राहिला. धडकेची फाइल पहाट होण्याआधीच पुसली गेली होती. नुसती डिलीट झालेली फाइल सॉफ्टवेअरने परत आणता येते. जिच्यावर दुसरी फाइल लिहिली गेली ती येत नाही. तसा प्रयत्न करून बघा असे सांगून मी त्यांना उगाच आशा लावली नाही.

धडकेच्या वेळी फाइल आपोआप लॉक, म्हणजे पुसली न जाण्यासाठी राखीव, का झाली नाही? कारण धक्का ओळखणारा जी-सेन्सर सर्वांत कमी संवेदनेवर ठेवलेला होता आणि धडक कमी वेगातली होती. बसवणाऱ्याने तसे ठेवण्यामागे विचार असणार. संवेदना जास्त ठेवली तर प्रत्येक गतिरोधकाला एक फाइल लॉक होते, लॉक फाइलींनी कार्ड भरते आणि कॅमेरा चित्रण थांबवतो. मी मधली पातळी ठेवतो आणि लॉक झालेल्या नको त्या फाइली महिन्यातून एकदा कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून काढायला सांगतो.

पण खरा प्रश्न वेगळा होता. उभ्या गाडीत कॅमेरा पार्किंग मोडमध्ये, म्हणजे सेकंदाला एकच चित्र घेण्यावर, जायला हवा, तो रात्रभर चालत्या गाडीसारखा का वागला? दुकानातल्या पॉइंटवर चार्जर लावून गन गाडीत घातली. गाडी कुलूपबंद, चावी दूर. दहा सेकंदांत कॅमेरा बीप होऊन सुरू झाला आणि चित्रणाचा तांबडा दिवा लागला.

कॅमेऱ्याला थेट फ्यूज बॉक्समधून वीज देणाऱ्या हार्डवायर किटला तीन तारा असतात. काळी अर्थिंगला, पिवळी कायम वीज असलेल्या फ्यूजला, तांबडी गाडी चालू केल्यावरच वीज येणाऱ्या फ्यूजला. तांबडीत वीज आली की कॅमेरा समजतो, गाडी चालते आहे. ती गेली की तो पिवळीवर पार्किंग मोडमध्ये राहतो. पेट्रोलच्या गाडीत फ्यूज शोधताना दोन अवस्था तपासल्या की भागते, बंद आणि चालू. इलेक्ट्रिक गाडीत तिसरी अवस्था आहे. गन लावली की चार्जिंग सांभाळणारी यंत्रणा जागी होते, मोठ्या बॅटरीतून बारा व्होल्टची वीज देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर सुरू होतो आणि त्यांच्यासोबत काही सर्किटांनाही वीज मिळते. कोणत्या सर्किटांना, हे प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळे. या गाडीत तांबडी तार बारा व्होल्टच्या सॉकेटच्या फ्यूजवर होती आणि तो फ्यूज चार्जिंगमध्ये जिवंत होत होता. म्हणजे हार्डवायर किट न वापरता कॅमेऱ्याचा साधा चार्जर सॉकेटमध्ये खोचला असता तरी हेच झाले असते.

म्हणून मी फ्यूज निवडताना कागदावर चार रकाने आखतो: कुलूप लावून अर्धा तास निजलेली गाडी, इग्निशन, रेडी (गाडी चालायला तयार), आणि चार्जिंग. फ्यूज काढायचे नाहीत. त्यांच्या माथ्यावर धातूचे दोन ठिपके उघडे असतात, तिथे मल्टिमीटरची सुई टेकवायची. बल्बचा टेस्टर वापरू नये, त्याचा करंट एअरबॅगच्या सर्किटमध्ये गेला तर महागात पडते. एअरबॅग, एबीएस, स्टिअरिंग, बॅटरी मॅनेजमेंट आणि चार्जिंगचे फ्यूज यादीतून आधीच वगळायचे, आणि मोठ्या बॅटरीच्या उच्च दाबाच्या, नारिंगी आवरणाच्या केबलच्या वाटेला जायचेच नाही. या गाडीत सॉकेटच्या फ्यूजवर चार्जिंगमध्ये १३.८ व्होल्ट मिळाले, तो बाद. वायपरचा फ्यूज निजलेल्या गाडीत शून्य, इग्निशनला १२.५, रेडीत १३.९ आणि चार्जिंगमध्ये शून्य. तोच घेतला.

जुनी जोडणी काढताना आणखी एक दोष सापडला. तार फ्यूजच्या पायाला गुंडाळून फ्यूज तसाच दाबून बसवला होता. त्याने फ्यूज बॉक्समधला चिमटा फाकतो, पुढे फ्यूज सैल बसतो आणि तापतो. यासाठी फ्यूज टॅप मिळतो, शंभर-दीडशे रुपयांचा. फक्त माप बघून घ्यावा: मिनी, लो-प्रोफाइल मिनी आणि मायक्रो-२ दिसायला जवळचे असले तरी एकमेकांच्या जागी बसत नाहीत. टॅपमध्ये दोन फ्यूज बसतात, मूळचा खाली आणि कॅमेऱ्याचा वर. कॅमेऱ्याला दोन किंवा तीन अँपिअरचा पुरेसा होतो, कारण बारा व्होल्टच्या बाजूला तो अर्धा अँपिअरही खात नाही. टॅपची दिशा महत्त्वाची. दोन्ही फ्यूजना जोडलेला पाय वीज येणाऱ्या बाजूला पडला पाहिजे. उलटा बसला तर कॅमेऱ्याचा करंटही मूळ फ्यूजमधून जातो. दिशा पारखायची खूण अशी: टॅपमधला मूळ फ्यूज काढून बघा. वरच्या फ्यूजला तरीही वीज मिळत असेल तर टॅप बरोबर बसला आहे.

काळी तार प्लास्टिकच्या पट्टीच्या रंगवलेल्या स्क्रूला होती. गोव्याच्या दमट हवेत अशा जागी वर्षभरात गंज धरतो आणि कॅमेरा मधूनच बंद पडू लागतो. ती रिंग टर्मिनल दाबून बसवून फ्यूज बॉक्सखालच्या कंपनीच्या अर्थिंग बोल्टला घेतली आणि वर थोडे ग्रीस लावले. कंपनीची एकही तार कापली नाही, सोलली नाही. वॉरंटीच्या वेळी टॅप उपसला की गाडी पूर्ववत होते.

आता बारा व्होल्टची बॅटरी. मास्तरांना ती आहे हेच ठाऊक नव्हते. "मोठी बॅटरी असताना ही कशाला?" त्यांनी विचारले. मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारे मोठे स्विच, या लहान बॅटरीच्या विजेवर जोडले जातात. ही मेली तर मोठीत ऐंशी टक्के चार्ज असूनही गाडी जागची हलत नाही. पेट्रोलच्या गाडीत बॅटरी थकली की स्टार्टर जड फिरतो, महिनाभर आधी इशारा मिळतो. इथे स्टार्टरच नाही. त्यामुळे आज चालते आणि उद्या डॅशबोर्ड काळा, असे होते.

बोनेटचे लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून गाडीला बोनेट बंद असल्याचे भासवले, कुलूप लावले आणि दोन तास निजू दिले. बॅटरीवर १२.२८ व्होल्ट. शिशाच्या भरलेल्या बॅटरीवर १२.६ च्या पुढे दिसायला हवेत, १२.२ म्हणजे निम्मी. मिलिअँपिअर दाखवणारा डीसी क्लॅम्प मीटर लावला. कॅमेरा काढल्यावर गाडी स्वतः ३० मिलिअँपिअर घेत होती, पार्किंग मोडमधल्या कॅमेऱ्यासह २८०. कॅमेऱ्याचा पाव अँपिअर चोवीस तास म्हणजे दिवसाला सहा अँपिअर-तास. पस्तीस अँपिअर-तासांच्या बॅटरीतली निम्मी वीज वापरायची म्हटली तर तिसऱ्या दिवशी संपते. किटचा कट-ऑफ, म्हणजे ज्या व्होल्टला ते कॅमेऱ्याची वीज तोडते तो आकडा, ११.८ वर होता, म्हणजे बॅटरी जवळपास रिकामी होईपर्यंत कॅमेरा चालू. तो १२.४ वर नेला. शिवाय तारेतल्या घटीमुळे किटला बॅटरीपेक्षा ०.१ व्होल्ट कमी दिसतो, ते आपल्या पथ्यावर पडते. मोपा विमानतळावर गाडी चार-पाच दिवस ठेवून जायचे असेल तर पार्किंग मोड बंदच करून जावे. ओबीडी पोर्टमधून (गॅरेजमध्ये तपासणीचे यंत्र जोडतात त्या सॉकेटमधून) वीज घेणारी केबल सोपी वाटते, पण काही गाड्यांत ती कंट्रोल युनिटांना निजू देत नाही, म्हणून मी ती बसवत नाही.

तारा नव्याने ओढल्या. छताच्या कडेने बोटांनी दाबत न्यायच्या, प्लास्टिकच्या पातीने, स्क्रूड्रायव्हरने नव्हे. पुढच्या खांबावर एअरबॅगचे अक्षर असेल तर आवरण काढून तार एअरबॅगच्या मागून, कंपनीच्या तारांच्या जुडग्याला (हार्नेसला) बांधून न्यावी. एअरबॅगच्या पुढून आडवी गेलेली तार फुगा उघडताना अडते किंवा चाबकासारखी उडते. लहान हॅचबॅकला मागच्या कॅमेऱ्याची सहा मीटरची केबल जास्तच होते. उरलेली सैल वेटोळे करून छताच्या अस्तरात ठेवली, घडी घालून नाही.

चिकटवण्याच्या कामाला गोव्यात पावसाळ्यात वेळ द्यावाच लागतो. काचेला आतून दमटपणाचा न दिसणारा थर असतो. पुढचा कॅमेरा महिन्यापूर्वी एकदा पडला होता, कारण तो आरशामागच्या काळ्या ठिपक्यांवर चिकटवला होता. तिथे काच सपाट नसते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने काच दोनदा पुसली, काचेवर गरम वारा सोडून सुकवली आणि आरशाच्या डाव्या बाजूला, वायपर फिरतो त्या भागात, ठिपक्यांच्या खाली कॅमेरा अर्धा मिनिट दाबून धरला. वायपरच्या पट्ट्याबाहेर लावलेला कॅमेरा जून ते सप्टेंबर फक्त पाण्याचे थेंब टिपतो. फोम टेपची पकड पूर्ण यायला तीन दिवस लागतात. तोवर कॅमेरा कोन बदलण्यासाठी हलवायचा नाही.

कॅमेरा मात्र मास्तरांनी चांगला घेतला होता. आत लिथियम बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर. उन्हात उभ्या गाडीत काचेजवळ साठ अंशांपुढे जाते, तिथे लिथियमची बॅटरी फुगते. कार्ड तेवढे बदलले. १२८ जीबीचे, हाय एंड्युरन्स, व्ही३० खूण असलेले. मोबाइलमधले साधे कार्ड रोजच्या पुसण्या-लिहिण्याने काही महिन्यांत चुका करू लागते आणि ते कळते ते नेमके गरज पडल्यावर.

निघताना मास्तरांनी वहीत लिहून घेतले: धडक झाली की आधी कॅमेऱ्यावरचे लॉकचे बटण, मग चित्रण वायफायवरून मोबाइलमध्ये, मग कार्ड काढून पाकिटात. मूळ कार्डावर काही कापाकापी करायची नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यात फाइलचा हॅश, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा ठसा, नोंदवायचा असतो, म्हणून फाइल मुळात होती तशी राहायला हवी.

"त्या पिकअपवाल्याला मी आता काय दाखवू?" त्यांनी विचारले. दाखवण्यासारखे काही उरले नव्हते. बंपर त्यांनी स्वतःच्या विम्यातून करून घेतला.

मंगळवारी ते कार्ड घेऊन पुन्हा आले. गाडी रात्रभर चार्जिंगला होती. पार्किंग मोडमध्ये कॅमेरा सेकंदाला एक चित्र घेतो, म्हणून आठ तासांचे तुळशीवृंदावन सोळा मिनिटांत मावले होते, जागा तीन जीबीच्या आसपास. त्याआधी सोमवारची फोंडा ते म्हार्दोळ फेरी, फर्मागुडीच्या उतारासह, पहिल्या मिनिटापासून कार्डावर होती. उतारावर मास्तरांनी पाय उचलला तिथे मागच्या काचेवर तांबूस झाक उमटलेली दिसत होती.