‘भक्तीपंथेचि’ लिहिले की वृत्त गेले

श्लोकपाठांतराच्या स्पर्धा जवळ आल्या की गिरगावापासून मुलुंडपर्यंतच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर मनाचे श्लोक फिरू लागतात. त्यांत हमखास ‘मना सज्जना भक्तीपंथेचि जावे’ अशी ओळ दिसते. ‘ती’ दीर्घ टाइप केली की मूल तिथेच अडखळणार.

रामदासांनी (१६०८-१६८१) हे श्लोक भुजंगप्रयात या वृत्तात, म्हणजे लघु-गुरू अक्षरांच्या ठरलेल्या क्रमात, बांधले. लगागा चार वेळा: ‘ल’ म्हणजे लघु (एक मात्रा), ‘गा’ म्हणजे गुरू (दोन मात्रा), आणि अशा तीन अक्षरांचा एक गण. अक्षरे १२, मात्रा २०. फोड अशी: म-ना-सज् । ज-ना-भक् । ति-पं-थे । चि-जा-वे. तिसरा गण ‘ति’ने सुरू होतो, म्हणून तिथे लघूच हवा. ‘ती’ केली की मात्रा २१ होतात. बरे, शुद्धलेखनाचाही याला आधार नाही. सुटा शब्द ‘भक्ती’, पण समासात ‘भक्तिपंथ’च.

दुसरी चूक लिहिण्यात दिसत नाही, कानाला कळते. ‘गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा’ म्हणताना मुंबईकर जीभ ‘गणाधीश्’, ‘ईश्’ करून मोकळी होते. बोलताना ठीक, पण इथे दोन अक्षरे गळतात आणि १२ची १० उरतात. दर गणाच्या पहिल्या अक्षरावर टाळी द्यायला लावा: ग-णा-धी । श-जो-ई । श-सर्-वां । गु-णां-चा. दोन्ही ‘श’ टाळीवरच येतात. मग ते गिळता येत नाहीत. चालीत म्हणण्याआधी चार-पाच दिवस नुसत्या टाळीवर म्हणून घेतलेले बरे, कारण चाल अशा चुका झाकते.

मात्रा मोजताना एक गोष्ट सांभाळा. जोडाक्षराआधीचा लघु गुरू होतो तो आघात (उच्चाराचा जोर) येत असेल तरच. ‘सज्जना’त ‘स’ गुरू, पण ‘तुझ्या’, ‘तुम्ही’ यांतला ‘तु’ लघूच.

वृत्तात लिहिणारे जुने कवी वामन पंडित यांच्याकडे वळलात तर हिशेब आणखी कडक. शार्दूलविक्रीडित या वृत्तात १९ अक्षरे, ३० मात्रा आणि बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे थांबा. तिथे न थांबता पुढे रेटले की शेवटच्या सात अक्षरांना श्वास पुरत नाही. वामन पंडितांची कविता मुंबईच्याच निर्णयसागर छापखान्याने ‘काव्यसंग्रह’ मालेत छापली होती. उतरवून घेताना जुने ऱ्हस्व-दीर्घ ‘सुधारू’ नका.

अभंगाला मात्र ही शिस्त लावायची नाही. तिथे लघुगुरू नाही, अक्षरसंख्या पाहायची, तीही सैल. संत बहिणाबाईंच्या (१६२८-१७००) नावावरची प्रसिद्ध ओळ घ्या: ‘तुका झालासे कळस । भजन करा सावकाश’. पहिल्या चरणात ८ अक्षरे, दुसऱ्यात ९. ‘भजन’मधला ‘न’ हलका घेतला की दोन्ही जुळतात. श्लोकाच्या सवयीने तो पूर्ण उच्चारलात, तर दुसरा चरण लांबतो आणि टाळ मागे राहतो.