पिसगाळच्या जांभ्यावरचं फुलपाखरांचं रान

पणजीहून फोंड्याकडे निघालं की बाणस्तारीचा पूल ओलांडल्यावर मंगेशी लागतं, मग म्हार्दोळ. बहुतेक पर्यटक देवळं बघून परत फिरतात. आम्ही म्हाळसेला नमस्कार करून प्रियोळच्या पिसगाळला गेलो. ऑक्टोबरचे दिवस, पाऊस सरलेला, ऊन चटका देणारं. फुलपाखरांना असंच ऊन हवं असतं. अंग तापल्याशिवाय त्यांना नीट उडता येत नाही, म्हणून सकाळी ती पानांवर पंख पसरून ऊन खात बसलेली दिसतात.

इथली गोवा बटरफ्लाय कॉन्झर्व्हेटरी म्हणजे जाळीच्या घुमटात कोंडलेली फुलपाखरं नव्हेत. पूर्वी हा जांभ्याचा उघडाबोडका उतार होता. एका दाम्पत्याने त्यावर झाडं लावली, जगवली आणि त्याचं रान झालं. फुलपाखरं आपणहून येतात, वाटेल तेव्हा जातात.

वाटेतल्या एका वेलीची पानं पार कुरतडलेली होती. माझ्या आतेची परसबाग अगदी नीटनेटकी, तिला राहवेना.

“काय हो, याला कीड लागली वाटतं?”

“कीड नव्हे मावशी,” दाखवायला आलेला मुलगा म्हणाला, “सुरवंटांसाठीच लावलाय तो वेल.”

तो ईश्वरीचा वेल होता, ज्याला आपल्याकडे सापसंदही म्हणतात. फुलपाखरू मध कुठल्याही फुलावरचा पिईल, पण अंडी घालताना मादी फार चोखंदळ असते. सदर्न बर्डविंग, क्रिमझन रोज, कॉमन रोज या फुलपाखरांना ईश्वरीच्याच कुळातली झाडं लागतात. त्या पानांतलं विष सुरवंट पचवतो, अंगात साठवतो, आणि पुढे फुलपाखरू झाल्यावरही पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. कॉमन मॉर्मनच्या काही माद्या तर हुबेहूब या ‘रोज’ फुलपाखरांसारख्या दिसतात आणि फुकटात वाचतात. त्यांचे सुरवंट वाढतात मात्र कढीपत्त्यावर आणि लिंबावर. म्हणजे नुसती फुलझाडं लावून फुलपाखरांची बाग होत नाही. आधी पानं लावायची, आणि ती खाल्लेली बघायची तयारी ठेवायची.

त्या मुलाने आंब्याचं एक पान हळूच वाकवून धरलं. “दिसला?” आम्ही तिघं डोळे ताणून बघतोय, काही दिसेना. मग एकदम दिसला. कॉमन बॅरनचा हिरवा सुरवंट, पानाच्या मधल्या शिरेवर बरोब्बर आडवा पडलेला. पाठीवरची फिकट पिवळी रेघ त्या शिरेवर अशी चपखल बसवलेली की शीर कुठे संपते आणि सुरवंट कुठे सुरू होतो ते कळू नये. दोन्ही बाजूंना मोरपिसासारखे दातेरी काटे पानावर सपाट पसरलेले, त्यामुळे सावलीही पडत नव्हती. आंबा आणि काजू, दोन्ही त्याची खायची झाडं. गोव्यात दाराशी दुसरं काय असतं? इतकी वर्षं मानकुराद आंब्याखाली बसून मी हा एकदाही पाहिलेला नव्हता.

पुढे खुळखुळ्याच्या झुडपाच्या वाळक्या काड्यांवर ब्ल्यू टायगर आणि कॉमन क्रो यांची झुंबड. ते सगळे नर. काडीवरचा रस शोषून त्यातल्या द्रव्यापासून ते मादीला भुलवणारा गंध तयार करतात. ओल्या मातीवर टेल्ड जे आणि ब्ल्यूबॉटल चिखल चोखत होते, तेही बहुतेक नरच. मातीतले क्षार ते गोळा करतात आणि मिलनाच्या वेळी मादीला देतात. महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखरू केलेलं ब्ल्यू मॉर्मनही दोनदा डोक्यावरून गेलं.

बर्डविंग शेवटी आलं. काळे पंख, मागच्या पंखांवर झळझळीत पिवळं. विस्तार 14 ते 19 सेंटिमीटर, दक्षिण भारतातलं सर्वांत मोठं फुलपाखरू. ते माडाच्या उंचीवरून घाई न करता तरंगत खाली उतरलं, घाणेरीवर थांबलं, पण पंखांची फडफड चालूच. आते दोन्ही हात छातीशी धरून बघत राहिली.

गोव्यात जांभ्याच्या सड्याला, म्हणजे कातळाच्या पठाराला, ‘पडीक’ म्हणायची आपल्याला सवय लागली आहे, आणि एकदा पडीक म्हटलं की खोदायला, विकायला वाट मोकळी. मला याचा मनापासून राग येतो. पावसाळ्यात त्याच सड्यावर काय काय उगवतं ते पाहिलेला माणूस असं म्हणूच शकणार नाही. आणि जिथे खरोखर काही उरलं नव्हतं तिथेही रान उभं राहतं, हे पिसगाळला डोळ्यांनी बघता येतं.

जायचं तर पाऊस ओसरल्यावर जा, आणि सकाळी नऊ-दहाच्या सुमारास पोचा. आधी विचारून ठेवलेलं बरं. पिकून गळलेल्या फळांकडे जरूर बघा. ब्ल्यू ओकलीफ फुलांवर येत नाही, ते सडलेल्या फळांचा आणि झाडांचा रस पितं. पंख मिटलेले असतील तर वाळकं पान समजून पुढे जाल, म्हणून जरा थांबा. उघडले की आतून गर्द निळं आणि त्यावर फिकट निळा पट्टा दिसेल.