कोरं पान आणि ठंठं ठठंठं

परवा रात्री लॅपटॉप उघडून बसले, कर्सर लुकलुकतोय आणि डोकं रिकामं, मग दोनदा चहा झाला, कपाट आवरून झालं, पान कोरं ते कोरंच. शेवटी शाळेतल्या निबंधाचा विषय घेतला, 'फाटक्या छत्रीचं आत्मवृत्त', हसू नका. 10 मिनिटांचा टायमर लावला, नियम एकच, खोडायचं नाही. पहिल्या चार ओळी भंगार, पण पाचवीत आजीची लाकडी मुठीची काळी छत्री आली आणि मग छत्री राहिली बाजूला, मी आजीवरच लिहीत सुटले.

तसं हे प्रॉम्प्ट वगैरे, म्हणजे लिहायला सुरुवात करून देणारा विषय किंवा ओळ, काही नवं नाही हां, आपल्याकडे समस्यापूर्ती होतीच की, शेवटची ओळ द्यायची आणि बाकीचा श्लोक कवीने जुळवायचा. भोजराजाने 'ठंठं ठठंठं ठठठं ठठंठः' एवढंच दिलं आणि कालिदासाने त्यात जिन्यावरून गडगडणारा सोन्याचा घडा आणला, अशी गोष्ट सांगतात. म्हणजे प्रॉम्प्ट जितका विचित्र तितकं बरं. 'माझं बालपण' असलं काही दिलं की मी परत कपाट आवरायला जाते.

उद्यासाठी चिठ्ठी काढलीये: कुकरची चौथी शिट्टी.