ताम्हण फुलत का नाही?

मे महिन्यात दापोलीजवळच्या आमच्या घरी येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा अंगणाच्या कडेला उभा राहून एकच प्रश्न विचारतो: आमच्याही आवारात ताम्हण आहे, आठ-दहा वर्षांचे झाले आहे, पाने भरपूर आहेत, मग त्याला अशी फुले का येत नाहीत? दर वेळी निरोप घेण्याच्या गडबडीत मी अर्धेच उत्तर देतो. तुम्ही इतक्या जणांनी विचारलेत म्हणून ते आता सविस्तर लिहीत आहे.

ताम्हणाचा तुरा त्याच वर्षी फुटलेल्या कोवळ्या फांदीच्या शेंड्यावर येतो. माझ्या सगळ्या उत्तराचे मूळ या एका गोष्टीत आहे. हिवाळ्यात झाडाची पाने तांबूस होऊन गळतात, थंडी ओसरली की नवी पालवी फुटते, आणि ही पालवी वाढत गेली की एप्रिलच्या सुमारास तिच्याच टोकाला कळ्यांचे घोस धरतात. म्हणून मार्चमध्ये ज्याने फांद्या छाटल्या, त्याने त्या वर्षीची फुलेच छाटली असे समजावे. हे मला झाडानेच शिकवले. घरातल्या लग्नाच्या मांडवासाठी एका वर्षी मी मार्चअखेरीस अंगणाकडच्या फांद्या तोडायला लावल्या. मे महिन्यात झाडाची मागची बाजू जांभळी झाली आणि मांडवाकडची बाजू नुसती हिरवी राहिली. तोडलेल्या ठिकाणी पुन्हा फुटवे आले, त्यांवर भर जुलैत तीन-चार तुरे उमलले आणि पावसाच्या माऱ्याने दोनच दिवसांत झडून गेले. ती चूक मला आजही बोचते. वाळकी फांदी काढायचीच असेल तर ती पाने गळून गेल्यावर आणि पालवी फुटण्यापूर्वी काढावी.

दुसरे कारण सावलीचे असते. आंबा-फणसाच्या दाटीत लावलेले ताम्हण उजेडाच्या ओढीने सरळ उंच जाते, त्याला आडव्या फांद्या कमी फुटतात आणि फुले आली तरी ती शेंड्याला, आपल्या नजरेच्या पार वर येतात. मोकळ्या उन्हात हेच झाड कमरेइतक्या उंचीपासून फांद्या सोडते आणि घुमटासारखे पसरते. आमच्या झाडाचा घेर आज पंचवीस फुटांच्या आसपास आहे, म्हणून घरापासून, विहिरीपासून आणि गडग्यापासून निदान तितके अंतर ठेवावे, असे मी ज्याला त्याला सांगतो. ज्यांच्याकडे एवढी जागा आहे त्यांनीच ते लावावे. अरुंद जागेत लावून वर्षानुवर्षे छाटत बसणे हा त्या झाडावर अन्याय आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर युरिया घालणाऱ्यांनी तो घालू नये, त्याने पानेच माजतात.

पाण्याविषयी मात्र थोडे सविस्तर सांगायला हवे. ताम्हण हे मूळचे ओढ्याकाठचे झाड आहे. आमच्या गावाखालच्या पऱ्ह्याच्या दोन्ही काठांवर ते आपसूक वाढलेले आहे, आणि पावसाळ्यात मुळाशी पाणी साचले तरी त्याचे काही बिघडत नाही. मी त्याच काठावरची वाळकी बोंडे जानेवारीत आणून उन्हात सुपात ठेवली, ती तडकून उघडल्यावर आतून पातळ पंख असलेले तपकिरी बी निघाले, आणि ते कुंडीत मातीचा अगदी हलका थर देऊन पेरले. रोपे फार नाजूक होती. त्यांना पूर्ण एक वर्ष पिशवीत वाढवून पुढच्या जूनमध्ये सर्वांत जोमदार रोप न्हाणीघराचे पाणी जिथे मुरते तिथे लावले. जांभ्यात खड्डा खणणे सोपे नव्हते, पहारीने तीन फूट खोल जायला दोन दिवस लागले, पण त्यात शेणखत आणि पालापाचोळा भरल्यामुळे मुळांना पहिली काही वर्षे निवांत मिळाली. तीन उन्हाळे आळ्यात पाणी दिले. पहिला तुरा सातव्या वर्षी आला. रोपवाटिकेतून रोप घेणाऱ्यांनी मात्र खात्री करून घ्यावी, कारण ताम्हण म्हणून कधीकधी त्याचेच एक भावंड दिले जाते, ज्याची फुले बरीच लहान असतात आणि उमलल्यावर पांढुरकी पडत जातात.

खऱ्या ताम्हणाचे फूल एकदा तळहातावर घेऊन पाहावे. कळी लहानशा लट्टूसारखी, तिच्यावर उभ्या खाचा. ती उकलली की सहा पाकळ्या बाहेर येतात, त्या प्रत्येकीला बारीक देठ असतो आणि कडा चुरगळलेल्या मलमलीसारख्या असतात. मधोमध पिवळ्या केसरांचा झुबका. सकाळी आठच्या सुमारास काळे भुंगे परागासाठी त्यावर उतरतात, तेव्हा झाडाखाली उभे राहिल्यास सगळे झाड घुमत असल्याचा भास होतो. तुरा खालून वर उमलत जातो, त्यामुळे एकाच तुऱ्यात खाली फिकट झालेली, मध्ये गडद जांभळी आणि टोकाला अजून मिटलेली फुले एकत्र दिसतात. महाराष्ट्राचे राज्यफूल हेच आहे आणि महाराष्ट्रदिनी, 1 मे रोजी, ते बहरात असते, हे शाळेतल्या मुलांना झाडाखाली नेऊन दाखवावे असे मला मनापासून वाटते.

काही जण विचारतात की गुलमोहर लवकर फुलतो, मग तोच का लावू नये. गुलमोहर मादागास्करहून आलेला, देखणाही आहे, पण त्याचे लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ असतात. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा आमच्या वाडीतले दोन मोठे गुलमोहर मुळांसकट आडवे झाले. ताम्हणाच्या तीन फांद्या मोडल्या, खोड जागचे हलले नाही, आणि पुढच्या मे महिन्यात त्याने पुन्हा बहर धरला.

ज्यांच्या झाडाला अजून फुले आली नाहीत, त्यांनी येत्या मार्चमध्ये कोयता बाजूला ठेवावा आणि एक बहर वाट पाहावी. ज्यांना नव्याने लावायचे आहे त्यांच्यासाठी आमच्या झाडावरची बोंडे जानेवारीत तयार असतील. पिशवी घेऊन यावे, बी मी सुपातून काढून देईन.