सेंटर: एका टोचणीची गोष्ट

इंग्रजीतील ‘सेंटर’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्याच्या मुळाशी एक अणकुचीदार टोक आहे, हे कुणी सांगितले तरी पटकन पटत नाही. प्राचीन ग्रीक भाषेत ‘केंतेइन’ या क्रियापदाचा अर्थ टोचणे असा होता आणि त्यावरून झालेल्या ‘केंत्रोन’ या नामाने बैल हाकण्याची पराणी, तिची आर, मधमाशीची नांगी अशा टोचणाऱ्या वस्तूंचा बोध होत असे. वर्तुळ काढताना कंपासाचा एक पाय स्थिर रोवावा लागतो. त्या टोकालाही हेच नाव मिळाले, आणि पुढे टोक जिथे रुतते त्या बिंदूलाच लोक केंत्रोन म्हणू लागले. युक्लिडने आपल्या भूमितीच्या व्याख्यांमध्ये वर्तुळाच्या मध्यबिंदूसाठी हाच शब्द योजला आहे. तोवर त्यातली टोचणी बहुधा कुणाच्या ध्यानातही उरली नसावी.

ग्रीकमधून हा शब्द लॅटिनमध्ये ‘केंत्रुम’ झाला, फ्रेंचमध्ये गेल्यावर त्यातील ‘क’चा ‘स’ झाला आणि चौदाव्या शतकात तो इंग्रजीत पोहोचला. आज ब्रिटनमध्ये त्याचे स्पेलिंग ‘आर-ई’ने संपते आणि अमेरिकेत ‘ई-आर’ने, पण हा भेद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही.

मला खरे कुतूहल वाटते ते या शब्दाच्या पूर्वेकडील प्रवासाचे. ग्रीक फलज्योतिषात कुंडलीतील चार प्रमुख स्थानांना ‘केंत्रा’ म्हणत. ते ज्ञान भारतात आले तेव्हा शब्दही सोबत आला आणि संस्कृतात ‘केंद्र’ झाला. पहिले, चौथे, सातवे आणि दहावे ही स्थाने आजही केंद्रस्थाने म्हणूनच ओळखली जातात, आणि त्यांच्या पुढील स्थानांची ‘पणफर’ व ‘आपोक्लिम’ ही नावे तर आपले ग्रीकपण लपवण्याचा प्रयत्नसुद्धा करत नाहीत. केंद्र मात्र संस्कृतात असे मुरले की त्याच्या जन्माविषयी कुणाला शंकाही येऊ नये. उच्चाराच्या दृष्टीने पाहिले तर मूळचा ‘क’ टिकवून ठेवणारे आपले केंद्र हे इंग्रजी सेंटरपेक्षा ग्रीक शब्दाला अधिक जवळचे आहे.

सेंटर येण्यापूर्वी इंग्रजीत ‘मिडल’ होताच, आणि त्याचे आपल्या ‘मध्य’शी असलेले नाते वेगळ्या प्रकारचे आहे, कारण हे दोन्ही शब्द कुणी कुणाकडून उसने घेतलेले नसून एकाच आदिम भाषेतून वारशाने आलेले आहेत. अर्थातही फरक आहे. मध्याला भोवतालच्या वर्तुळाची गरज नसते, दोन टोके असली की पुरते. म्हणून आपण मध्यरात्र म्हणतो, केंद्ररात्र म्हणत नाही. केंद्राभोवती मात्र काहीतरी फिरत किंवा पसरत असावे लागते. इंग्रजीत चमत्कारिक माणसाला ‘एक्सेंट्रिक’ म्हणतात, त्याचा मूळ अर्थ केंद्रापासून ढळलेला असा आहे, आणि ‘कॉन्सन्ट्रेट’ करणे म्हणजे सगळे एका केंद्रापाशी आणणे. (‘सेंच्युरी’ आणि ‘पर्सेंट’ या कुळातले नव्हेत, ते शंभर या अर्थाच्या लॅटिन शब्दाचे वंशज आहेत.)

भूमितीत ज्या बिंदूला लांबी नाही आणि रुंदीही नाही, त्याच्याच नावाने आता कॉल सेंटर, शॉपिंग सेंटर अशा प्रशस्त इमारती उभ्या राहतात आणि आपल्याकडील मतदान केंद्र किंवा संशोधन केंद्र हा विस्तारही त्याच वळणाचा आहे. ‘सेंटर’ हा परका शब्द टाळून शुद्ध देशी ‘केंद्र’ वापरावा, असा आग्रह अधूनमधून ऐकू येतो. मीही लिहिताना केंद्रच पसंत करतो, पण ते मराठीत रुळले आहे म्हणून. देशीपणाच्या कसोटीवर दोघेही सारखेच ग्रीक ठरतात.